सोशल मीडियापासून सुट्टी घेताना कुणाला सांगायचं, कुणाला नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड महिना व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक सगळं बंद ठेवायचंय. मागे एकदा न सांगता आठवडाभर सगळं काढून टाकलंत, तर मावससासूंच्या साठीशांतीचं आमंत्रण त्यात राहून गेलं आणि "सून फार शिष्ट आहे" हे ऐकून घ्यावं लागलं. एका मैत्रिणीला वाटलं तुम्ही तिला ब्लॉक केलंत. एखादी दुःखाची बातमी अशीच राहून जाईल ही भीतीही आहे. शिवाय घरगुती मसाले आणि दिवाळी फराळाच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच येतात, मुलाच्या चौथीच्या वर्गाचा ग्रुप आहे, सोसायटीचा आहे आणि त्याच्या तुम्हीच ॲडमिन आहात. तर आता जाहीर पोस्ट टाकून जावं की गुपचूप? ग्रुप सोडले तर वाईट दिसेल का? आणि परत आल्यावर काय तोंड दाखवायचं?

मी ठाण्यात कौटुंबिक समुपदेशन करते. सासू-सून, जावा-जावा, भावंडं यांच्या भांडणांत हल्ली निम्मा वेळ स्क्रीनशॉट बघण्यात जातो. त्यावरून सांगते, एखादी व्यक्ती ग्रुपवर दिसत नाही याचा राग फारसा कुणाला येत नाही. प्रत्येकाला आपापले व्याप असतात. राग येतो तो आपण हाक मारली आणि ओ आली नाही याचा. तुमचं गुड मॉर्निंग गेलं नाही म्हणून मावससासूंचं काही बिघडलं नव्हतं. साठीशांतीला या म्हटलं आणि पलीकडून हूं नाही की चूं नाही, हे त्यांना लागलं. म्हणून पोस्ट टाकायची की नाही हे तूर्त बाजूला ठेवा आणि कागदावर एकच यादी करा: या दीड महिन्यात माझ्या उत्तरासाठी कोण खोळंबून राहील? कोणाला वाईट वाटेल, कोण काय म्हणेल याची यादी करू नका, ती संपणारच नाही. खोळंबणारी माणसं मोजकी निघतात. तुम्ही सांगायला बांधील आहात ते त्यांना. बाकीच्यांना नाही.

काही गोष्टी अर्थातच तुमच्या परिस्थितीवर ठरतील. डोकं रील्सनी भणभणलंय म्हणून थांबायचं असेल तर इन्स्टाग्राम-फेसबुक पुरे, व्हॉट्सॲपला हात लावायची गरजच नाही. एखाद्या नातेवाइकाच्या बोलण्याने त्रास होत असेल तर ब्रेक हे त्याचं औषध नाही, परत आल्यावर तो माणूस तिथेच असणार. आणि मन खूप उदास आहे, कुणाशी बोलूच नये असं वाटतंय म्हणून सगळं बंद करत असाल, तर निदान एका माणसाला खरं कारण सांगून मगच बंद करा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, तुम्ही फक्त दमलेल्या वाटता. तसं धरून पुढे लिहिते.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक पटकन आटपते, कारण तिथे शिष्टाचाराचा प्रश्न लहान आहे. तिथे तुमच्यासाठी कुणी खोळंबलेलं नसतं. तुमचा चेहरा चार दिवस दिसला नाही तर पुढचा व्हिडिओ लागतो, एवढंच. म्हणून "मी काही काळ इथून दूर जात आहे" अशी घोषणा मला सहसा अनावश्यक वाटते. एक तर ती टाकली की खाली "काय गं, सगळं ठीक ना?" सुरू होतं आणि ते वाचायला तुम्ही दिवसातून दहा वेळा परत येता. दुसरं म्हणजे त्यात नकळत एक सूर येतो की मी सुटले, तुम्ही बसा चिखलात. तुमच्या रेसिपी बघून ऑर्डर देणारे लोक असतील तर प्रोफाइलवरच्या माहितीत एक ओळ लिहा: नवीन ऑर्डर अमुक तारखेनंतर. बास.

पण एक करा. अकाउंट तात्पुरतं बंद करण्यापेक्षा फोनमधून ॲप काढून टाका. अकाउंट बंद केलं की तुमचं नाव शोधूनही सापडत नाही, जुन्या कमेंट आणि लाइकही दिसेनासे होतात, आणि ब्लॉक झाल्यावर समोरच्याला साधारण असंच दिसतं. तुमच्या मैत्रिणीचा गैरसमज याच जातीचा असणार. फेसबुकचं आणखी एक. मसाल्यांचं पेज असेल आणि त्याच्या तुम्ही एकट्याच चालक असाल, तर स्वतःचं अकाउंट बंद करताच ते पेजही बंद पडतं. ग्राहकाला वाटतं बाईंनी दुकानच गुंडाळलं.

खरा गुंता व्हॉट्सॲपचा. आपल्याकडे तोच फोन, तोच टपालवाला आणि तोच फळा झालाय. लग्नाची पत्रिका त्यावर येते, पाणी कपातीची सूचना त्यावर, आणि अंत्यदर्शनाची वेळसुद्धा त्यावरच. "ग्रुपवर टाकलंय" म्हणजे कळवलं, असं सर्रास धरतात. हे बरोबर आहे की चूक हा वेगळा विषय. पण तुमचे नातेवाईक असं धरून चालतात, तर ती फट बुजवणं तुमच्याकडे येतं.

कुटुंबाच्या ग्रुपमधून बाहेर पडू नका. 2022 पासून ग्रुप सोडला तर ते फक्त ॲडमिनला कळतं, सगळ्यांना सूचना जात नाही, हे खरं आहे. पण गेल्या 60 दिवसांत कोण कोण गेलं ही यादी ग्रुपच्या माहितीत कुणालाही बघता येते, आणि प्रत्येक घराण्यात ती बघणारा एक काका असतोच. माझ्याकडे दोन जावा आल्या होत्या. गौरी-गणपतीच्या खर्चाची वाटणी ग्रुपवर चालली होती, कुणीतरी "यंदा तरी वेळेत द्या" असं लिहिलं. धाकटीची त्याच आठवड्यात परीक्षा होती म्हणून तिने रात्री सगळेच ग्रुप सोडले. तिच्या मनात वाटणीचा विषयही नव्हता. थोरलीने ते त्या टोमण्याला दिलेलं उत्तर मानलं, सासूबाईंनी घराण्याचा अपमान मानला, आणि गौरी जेवल्या त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. ग्रुप सोडला यापेक्षा कधी सोडला हे महागात पडलं. तेव्हा वादाच्या दिवशी, पैशाचा विषय निघालेला असताना, किंवा कुणी साखरपुड्याची, बाळाची बातमी टाकल्यावर लगेच कुठलाही ग्रुप सोडायचा नाही. लोक वेळेचा अर्थ लावतात.

त्याऐवजी आवाज कायमचा बंद करा आणि ग्रुप आर्काइव्हमध्ये टाका. पूर्वी नवीन मेसेज आला की आर्काइव्ह केलेली चॅट परत वर यायची. 2021 पासून ती तिथेच राहते. तुम्ही ग्रुपमध्ये आहात, नाव यादीत आहे, आणि तुम्हाला काही दिसत नाही. कुणाचा मान दुखावत नाही आणि तुमची सुट्टीही होते.

आता मोठ्यांना कसं सांगायचं. आपल्याकडे चातुर्मासात नेम धरायची पद्धत आहे. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी जेवताना मौन पाळतं. नेम करणारी बाई जेवायला बोलावणाऱ्या घरी आधीच सांगून ठेवते, यजमानीण राग न धरता तिच्यापुरती वेगळी भाजी करते, आणि ती बाईही पंगतीत बसून बाकीच्यांना कांद्याचे तोटे सांगत नाही. तुमच्या ब्रेकची रीत एवढीच ठेवा: आधी सांगणं, सोय करून देणं आणि उपदेश न करणं. मावससासूंना मेसेज करू नका, फोन करा. असं काहीसं: "मावशी, या तारखेपासून मी दीड महिना व्हॉट्सॲप बंद ठेवणारे, नेमच केलाय म्हणा. तुम्ही मेसेज केलात तर मला दिसणार नाही आणि तुम्हाला वाटेल ही उत्तर देत नाही. काही असलं तर सरळ फोन करा, रात्री नऊपर्यंत कधीही." यात सबब नाही, माफी नाही आणि व्हॉट्सॲपची निंदाही नाही. "त्या ग्रुपवर नुसता कचरा येतो" असं चुकूनही म्हणू नका. त्यातला रोजचा सुविचार त्याच पाठवतात.

दुःखाच्या बातमीची तुमची भीती रास्त आहे. त्यासाठी दोन्हीकडून एकेक माणूस ठरवून घ्या. सासरकडून नवरा आहेच असं म्हणू नका. "मला वाटलं तुला कळलं असेल" हे वाक्य नवऱ्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलंय की नणंद किंवा जाऊ जास्त भरवशाची. माहेरकडून भाऊ किंवा वहिनी. त्यांना नेमकं सांगा की जन्म, मृत्यू, दवाखाना आणि कार्याचं आमंत्रण, या चार गोष्टींसाठी फोन करायचा, बाकी काही कळवायचं नाही. आणि तसा फोन आला तर ग्रुपवर परतून "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहू नका. फोन करा, जवळ असेल तर भेटायला जा. वाढदिवसांचंही तसंच. जवळच्या चार-पाच जणांचे त्या काळात येत असतील तर आधी कॅलेंडरवर टिपून ठेवा आणि त्या दिवशी बोला. ग्रुपवर पाठवलेल्या केकच्या चित्रापेक्षा तो फोन लोकांच्या जास्त लक्षात राहतो, हे मी बघितलंय.

एक तांत्रिक गोष्ट तुमच्या दीड महिन्याच्या बेताला थेट लागू आहे. व्हॉट्सॲप फोनमधून काढलं तर अकाउंट तसंच राहतं, पाठवणाऱ्याला एक टिक दिसत राहते. पण न पोचलेला मेसेज त्यांच्या सर्व्हरवर 30 दिवसच थांबतो, मग पुसला जातो. म्हणजे 45 दिवसांनी ॲप पुन्हा टाकलंत तर पहिल्या पंधरवड्यातले मेसेज तुम्हाला कधीच मिळणार नाहीत, आणि पाठवणारा म्हणेल मी तर पाठवलं होतं. साठीशांतीच्या वेळी आठवडाभराचाच प्रश्न होता, निदान उशिरा तरी मेसेज हातात आला. तेव्हा ॲप फोनमध्ये ठेवून सूचना बंद करणं बरं. मोह आवरणार नसेल तर काढा, पण महिना भरायच्या आत एकदा टाकून सगळे मेसेज उतरवून घ्या. अकाउंट डिलीट मात्र करू नका. तसं केलं की सगळ्या ग्रुपमधून एकदम बाहेर पडता.

धंद्याचा नियम सगळ्यात कडक. आगाऊ पैसे घेतलेत आणि माल पोचवायचा राहिलाय, तोवर ब्रेक नाही. धंद्याचा नंबर व्हॉट्सॲप बिझनेसवर नसेल तर तिथे हलवा, जमल्यास वेगळ्या नंबरावर. त्यात गैरहजेरीचा आपोआप जाणारा मेसेज ठेवता येतो. लोक तिथे "मी सध्या उपलब्ध नाही" एवढंच लिहितात, त्याने ग्राहकाला काहीच कळत नाही. तारीख लिहा, पर्याय लिहा: "नमस्कार. अमुक तारखेपर्यंत नवीन ऑर्डर घेत नाही. आधी दिलेल्या ऑर्डरबद्दल बोलायचं असल्यास कृपया या नंबरवर सकाळी अकरा ते एक फोन करावा." आणि जी पाच-दहा घरं दरवर्षी तुमच्याकडूनच गोडा मसाला किंवा चकली घेतात, त्यांना आधी स्वतः कळवा. आपोआप गेलेला मेसेज जुन्या गिऱ्हाइकाला कोरडा वाटतो.

याच्याशी जोडलेली गोष्ट म्हणजे मुहूर्त. तुम्ही तारीख लिहिली नाही, म्हणून सुचवते. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत तुम्हाला हलताच येणार नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई आणि पत्रिका सुरू. उन्हाळ्यात वर्षाच्या मसाल्याची गडबड. त्यापेक्षा पौष बघा. पौषात बहुतेक घरांत लग्नकार्यं टाळतात, फराळ संपलेला असतो, मसाल्याला अवकाश असतो. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाची बोलावणी तेवढी येतील, ती शेजारणीला सांगून ठेवा की दारावरून हाक मार. शाळेचं गॅदरिंगही साधारण तेव्हाच असतं, त्याचा बंदोबस्त मात्र लागेल.

तो असा. वर्गाच्या ग्रुपवर जाहीर करू नका. मुलाच्या वर्गातल्या एका आईला गाठा आणि तिला काम नेमकं सांगा: वेषभूषा, फी, सहल, सुट्टी, परीक्षा, यातलं काही आलं तर फोन कर किंवा एसएमएस कर. तिच्यावर हे दीड महिना टाकताय, तर बदल्यात तिचं काहीतरी उचला. तिच्या मुलाला क्लासहून आणणं म्हणा, मार्चमध्ये ती कामात असेल तेव्हा ग्रुप तुम्ही सांभाळणं म्हणा. नुसतं "जरा बघशील ना" म्हणून सोडलं तर दुसऱ्या आठवड्यात ती कंटाळते, आणि तिचं चुकत नाही. वर्गशिक्षकांना वहीत एक ओळ लिहून पाठवा की तातडीचं असेल तर फोन करावा.

सोसायटीचं वेगळं आहे, कारण तिथे तुम्ही ॲडमिन आहात. जायच्या आधी दुसऱ्या कुणाला ॲडमिन करा आणि तेवढं मात्र ग्रुपवर लिहा. बरेच ॲडमिन घाबरून असतात की आपल्या गैरहजेरीत कुणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस आपल्याला धरतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, त्यात त्याचा सामाईक हेतू किंवा आधीचा कट असावा लागतो. तेव्हा भीतीपोटी चिकटून राहू नका. पण टँकर, लिफ्ट, सुरक्षारक्षक यांच्या सूचना टाकणारं कुणी नाही अशी अवस्थाही ठेवू नका. माणसं तिथे खरोखर खोळंबतात.

ऑफिसचं तुम्ही विचारलं नाहीत, मीही लांबवत नाही. कामाचे निरोप व्हॉट्सॲपवर येत असतील तर वरिष्ठांना विचारून ईमेल किंवा फोनवर आणा. हा तुमचा एकटीचा निर्णय नाही.

आता सगळ्यात जास्त नाती जिथे बिघडतात ते. सुट्टी जाहीर करून चोरून बघणं. तुम्ही मावशींना सांगितलंत की व्हॉट्सॲप बंद आहे, आणि रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्या पडल्या त्यांच्या नातवाचं स्टेटस बघितलंत. कुणी कुणी बघितलं या यादीत तुमचं नाव त्यांना दिसतं. मग "बंद आहे म्हणते आणि बघते, म्हणजे फक्त आम्हालाच उत्तर देत नाही" हे ओघानेच आलं, आणि ते खोडून काढायला तुमच्याकडे काही नाही. वाचल्याची खूण बंद केली तर स्टेटस बघणाऱ्यांतही नाव येत नाही, हे खरं. पण ग्रुपमध्ये ती खूण बंद करताच येत नाही. आणि असं लपून बघण्यात तुमची कसली आलीये विश्रांती? मधेच मोह झाला आणि ब्रेक मोडला तर सरळ सांगा की मोडला, दोन मेसेजना उत्तर द्या आणि परत जा. नवऱ्याच्या फोनवरून सगळे ग्रुप वाचणं हाही तोच प्रकार. शिवाय मग लोक तुमचे निरोप त्याच्याकडे टाकू लागतात आणि तो बिचारा तुमचा कारकून होतो.

घरातले बाकीचे फोनवर असताना तुम्ही एकट्याच व्रतस्थ, हे जड जातं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे 2022 पासून संध्याकाळी 7 वाजता भोंगा होतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद ठेवतात, मुलं अभ्यासाला बसतात. मला त्यातली युक्ती अशी दिसते की कुणाला कुणाची समजूत घालावी लागत नाही. सात वाजता फोन लागला नाही तर का ते सगळ्यांना ठाऊक असतं. घरात तेवढं जमलं तर बघा, जेवणाची वेळ सगळ्यांनी मिळून ठरवा. नाही जमलं तर तुमचा ब्रेक तुमच्यापुरता ठेवा. मुलाच्या हातातला फोन बघून "मी बघ कशी सोडून बसलेय" हे ऐकवू नका, त्याचा तुम्हाला लवकरच कंटाळा येईल आणि त्याला त्याआधी.

परत आल्यावर शेकडो मेसेज साठलेले असतील. ते वाचत बसायची जबाबदारी तुमच्यावर नाही. क्रम असा ठेवा: आधी ज्यांनी वैयक्तिक काही विचारलंय, मग आनंदाच्या आणि दुःखाच्या बातम्या, मग धंदा. लग्न, बाळ, मृत्यू याला उशीर होत नसतो. महिन्याने केलेला फोनही पोचतो, फक्त "मी ब्रेकवर होते ना" यावर तीन मिनिटं घालवू नका, त्यांचं ऐका. बाकी ग्रुपवर सरळ ताज्या विषयापासून सुरुवात करा. महिन्यापूर्वीच्या फोटोंना एकामागून एक बदाम टाकले की ते टाकणाऱ्यांचे फोन वाजत राहतात. आणि तुमच्या मागे एखादा वाद होऊन मिटला असेल तर त्यावर तुमचं मत लिहू नका, तुमच्या बाजूने असलं तरी. सविस्तर माफीनामाही नको. "आले परत, मधलं काही महत्त्वाचं राहिलं असेल तर सांगा" एवढं पुरतं. ज्याचं खरंच काही राहिलंय तो सांगतो.

दीड महिन्यानंतर असं लक्षात आलं की दोन-तीन ग्रुप नसल्याने आपलं काहीच अडलं नाही, तर ते सोडायची वेळ तेव्हाची, आताची नाही. कुटुंबाचे सोडून बाकीचे. शांत दिवस बघून ॲडमिनला आधी खासगीत कळवा: "या ग्रुपवर मला वेळ देता येत नाही, म्हणून बाहेर पडतेय. भेटीगाठीचं ठरलं तर मला नक्की फोन कर." आणि त्याने प्रेमाने परत जोडलंच, तर तुमच्या व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कोण तुम्हाला ग्रुपमध्ये जोडू शकतं ते "माझे संपर्क, अमुक सोडून" असं करून ठेवता येतं. पण त्याच्या आधी त्याला एक फोन करून बघा. बहुतेकदा तो म्हणतो, "अगं, मलाच कंटाळा आलाय, पण ॲडमिन आहे ना."